बिटाचा बर्फ

खारीला चहासुद्धा धड करता येत नव्हता. लग्नाआधी नाही, लग्नानंतरही नाही. तिच्या हातचा चहा एकदा प्यायलेला पाहुणा पुढच्या वेळी बाहेरूनच पिऊन यायचा.

खार हे तिचं कामावरचं नाव. बांधकामावरच्या उंच क्रेनच्या शिडीवर ती ज्या झपाट्याने चढली, ते पाहून मुकादमाने पहिल्याच दिवशी हे बारसं उरकून टाकलं होतं. वर काचेच्या केबिनमध्ये बसून ती गजांचा भारा इतक्या अलगद खाली सोडायची की खालची माणसं मान वर करून बघत राहायची. स्वयंपाकघरात मात्र याच बाईच्या हातून दूध उतू जायचं, भांडी करपायची आणि कुकरची शिट्टी झाली की ती दचकायची.

मग ढब्बू झाला. गुबगुबीत, टकलू आणि हट्टी. खारीची रजा संपत आली आणि एके दिवशी मुकादमाचा फोन आला.

“सोमवारपासून वरचे मजले सुरू होतायत. येतेस, की बदलीवाल्यालाच कायम करू? हो की नाही, तेवढं सांग.”

“हो,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती हिशेब मांडायला बसली. एकदा वर चढलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरणं नाही. नवरा मालगाडीवर गार्ड, तो घरी येणार पाहुण्यासारखा. राहता राहिले सासरे. बाटलीतलं दूध ढब्बू त्यांच्या हातून घ्यायचा. पण आता नुसत्या दुधावर त्याचं भागत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी वरचं खाणं सुरू करायला सांगितलं होतं, आणि ढब्बू चमचा दिसला की ओठ घट्ट मिटून घ्यायचा.

सासरे निवृत्त शिंपी. दुकान बंद केलं होतं, मशीन तेवढं घरी आणून खिडकीशी ठेवलं होतं. आयुष्यभर मशीनचं पायडल मारून उजवा गुडघा कामातून गेलेला.

“सूनबाई, पोराला मी सांभाळीन,” ते म्हणाले. “शी-शू काढीन, गाणी म्हणीन. पण मला गॅसपाशी उभं करू नकोस. गुडघाही नाही म्हणतो आणि मीही.”

“उभं राहायचंच नाही, बाबा. मी सगळं करून गोठवून ठेवते. तुम्ही नुसती वडी काढायची, वाटीत घालायची, वाटी गरम पाण्यात ठेवायची. झालं.”

“तू करणार?” सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “म्हणजे मलाही उपास आणि त्यालाही.”

खारीने कंबर कसली. गाजरं, लाल भोपळा, वाटाणे, बीट. पहिलं गाजर खाली लागलं. दुसऱ्या खेपेला गुठळ्या राहिल्या. वाटाण्याची सालं चाळणीत अशी अडकली की चाळणीच टाकून द्यावी असं तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की आपण घाई करतोय. वर केबिनमध्ये ती कधी घाई करत नाही. मग इथे कसली?

तिने भाजी पाण्यात न टाकता वाफेवर ठेवली. सुरी सहज आत शिरेपर्यंत थांबली. खाली उरलेलं पाणी ओतून न देता त्यातलंच थोडं थोडं घालत मिक्सर फिरवला. मग गाळलं. ताटात गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवलं, निवल्यावर चमच्याने बर्फाच्या ट्रेच्या एकेका खणात भरलं आणि वर झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी ट्रे पिळला तशा वड्या कडकन सुटल्या. केशरी, पिवळ्या, हिरव्या आणि जांभळट लाल. तिने त्या डब्यांत भरल्या, डब्यांवर तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि फ्रीजरचं दार उघडं टाकून नुसती बघत उभी राहिली. हे आपण केलं यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना.

शेजारीण डोकावली. “काय गं हे? रंगपेटी?”

“ढब्बूचं जेवण.”

“बर्फाचं जेवण? लेकराला शिळं घालणार?”

“शिळं नाही हो काकू, गोठवलेलं.”

“आमच्या वेळी बाई आम्ही ताजं करायचो. दोन्ही वेळा.” काकूंनी मान हलवली. “पण आमच्या वेळी आया क्रेनवर कुठे चढायच्या म्हणा.”

खार हसली, पण ते बोलणं तिच्या मनात सलत राहिलं.

खरी पंचाईत पुढेच होती. गाजर कोमट करून दिलं. ढब्बूने तोंड फिरवलं. भोपळा दिला. त्याने फुर्रकन उडवला, तो सासऱ्यांच्या चष्म्यावर. वाटाणा दिला तर असा रडला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

“एवढं घोटलंस,” सासरे चष्मा पुसत म्हणाले, “पण एक घोट आत जाईल तर शपथ. कुणीतरी टीप मारून ठेवलीय या तोंडाला.”

“बाबा, थट्टा नको.”

“थट्टा नाही गं. टीप उसवायची कुठून, तेच बघतोय.”

रविवारची दुपार झाली तरी टीप उसवली नव्हती. सकाळपासून ढब्बूच्या पोटात नुसतं दूध होतं, आणि तो चिडचिडा झाला होता. सासऱ्यांनी त्याला बाहेरच्या खोलीत नेलं. खार स्वयंपाकघरात फरशीवर बसली. केसात वाळलेला भोपळा, मांडीवर फोन. उद्या मी वर असताना हा असाच उपाशी रडला तर? म्हातारा माणूस काय करील? ज्या खुर्चीत बसल्यावर सगळं शहर आपल्या हातात आल्यासारखं वाटायचं, ती खुर्ची आज सोडायची. तिने मुकादमाचा नंबर काढला. काय बोलायचं ते मनात जुळवून घेतलं. मुकादम, बदलीवाल्याला कायम करा. एवढंच तर वाक्य होतं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून काकूंची किंकाळी आली.

“अगं बाई, रक्त! अगं धाव!”

खार धावली. सासरे खुर्चीत पाय लांब करून बसले होते. गुडघा लालभडक. पायजमा लाल. गुडघ्यावर धरलेला पंचा लाल. आणि त्यांच्या कुशीत ढब्बू, त्याचं तोंड, हनुवटी, झबलं, सगळं लाल.

तिने ढब्बूला ओढून घेतलं आणि त्याचं तोंड उघडायला गेली. तेव्हा तिच्या नाकात वास शिरला. ओल्या मातीसारखा.

“बाबा, गुडघ्यावर काय लावलंय?”

“बर्फ. ठणकत होता, म्हणून मीच उठून काढला. तू कामात होतीस ना.”

“चष्मा कुठाय?”

“चष्म्याला भोपळा लागलाय.”

बिटाच्या वड्या! खार मटकन खाली बसली. हसावं की रडावं ते तिला कळेना. तिने पंचा बाजूला घेतला, आणि ढब्बूने एवढं मोठं भोकाड पसरलं की काकूंनी कान झाकले. पण हे रडणं वेगळं होतं. तो दोन्ही हात पंच्याकडे नाचवत होता. त्याला तो पंचा परत हवा होता.

“चोखत होता मघापासून,” सासरे म्हणाले. “मला वाटलं, खेळतोय.”

खारीने हात धुतले आणि बोट त्याच्या हिरडीवरून फिरवलं. खालची हिरडी सुजून टम्म झाली होती, आणि तिथे तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी टोचलं. शेजारी आणखी एक दाणा.

“दात,” ती म्हणाली. मग ओरडली, “दात येतायत याला! कोमट लागलं की ठणकत असणार. त्याला गार हवंय!”

तिने कपाटातून धुतलेलं मलमलीचं कापड काढलं, गाजराची एक वडी त्यात बांधली आणि ते ढब्बूच्या हातात दिलं, वरची गाठ आपल्या मुठीत घट्ट धरून. ढब्बू त्याच्यावर तुटून पडला. चोखलं, चावलं, गुरगुरला. वडी विरघळली तसं त्याने रिकामं कापड तिच्या तोंडावर फेकलं. तिने दुसरी वडी वाटीत मोडली, पातळ होऊ दिली आणि तशीच गार, चमच्याने पुढे केली. तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. मग भोपळा. मग वाटाणा.

सासऱ्यांनी लाल हातांनीच टाळी वाजवली. “सुंठीवाचून खोकला गेला!”

“मी म्हणतच होते,” काकू म्हणाल्या, “लेकराला काहीतरी गार द्या म्हणून.”

“कधी म्हणालात हो?”

“मनात.”

सासरे लंगडत मशीनपाशी गेले आणि शिवायला बसले. मलमलीची दुहेरी पिशवी, वडी मावेल एवढी, आणि तिला धरायला जाड पट्टा.

“नाडी नको हं बाबा, गळ्यात अडकेल.”

“लोकांचे कोट शिवलेत मी, सूनबाई. नातवाची पिशवी मला शिकवतेस?” त्यांनी दात लावून दोरा तोडला. “आणि हातात धरून मी समोर बसणार आहे. डोळे फाडून. चष्मा पुसून.”

सोमवारी खार शिडी चढली. पहिल्या टप्प्यावर धाप लागली, पुढे लागली नाही. खुर्चीवर बसली, दांडे हातात घेतले, आणि सकाळ कशी गेली ते तिला कळलंच नाही. फोन बंद होता. वर फोन चालवायचा नाही, हा नियमच.

जेवणाच्या सुट्टीला थोडाच अवकाश होता. क्रेनचा आकडा रिकामा लोंबत होता. रेडिओ खरखरला.

“खारे, तुझ्या सासऱ्यांचा फोन आलाय. म्हणतात, अक्षर न् अक्षर सांगा. सांगतो. कुणी हसायचं नाही.” मुकादमाने घसा साफ केला. “भोपळा साफ. वाटाणा साफ. आता ताट वाजवून आणखी मागतोय. देऊ का?”

रेडिओवर कामावरचे सगळे ऐकत होते. सळ्या बांधणारे, काँक्रीटवाले, फाटकावरचा पहारेकरी. खाली पिवळी शिरस्त्राणं एकेक करून वर वळली.

खारीने बटण दाबलं. “द्या म्हणावं! मागेल तेवढं द्या!”

“रेडिओवर ओरडायचं नसतं.”

“आज ओरडायचं असतं, मुकादम!”

खालून कुणीतरी शिट्टी मारली. मग दुसऱ्याने. काँक्रीटवाल्याने फावडं पत्र्यावर बडवलं. खार काचेला नाक लावून हसत होती आणि डोळे पुसत होती. ते खाली कुणाला दिसलं नाही.

रेडिओ पुन्हा खरखरला. या वेळी आवाज अगदी खालच्या पट्टीत होता.

“काय गं, सासरे बर्फाचं काहीतरी म्हणत होते, ते नक्की काय केलंस? माझी नातही तोंड मिटून बसते. सून रडकुंडीला आलीय.”

“सुट्टीत सांगते,” खार म्हणाली आणि दांड्यावर हात ठेवला. “आधी ते गज बांधून द्या. वर न्यायचेत मला.”