मिठागरावरचे गोड्या पाण्याचे मासे

कोलशेतच्या राघोला लोक तोंडावर वेडा म्हणत नसत, कारण त्याच्याइतकं पांढरं मीठ आसपासच्या मिठागरांत कोणी पिकवत नसे. नाहीतर म्हणायला कारण होतं. खाडीकाठचा आगरी माणूस, जन्मभर मासे खाऊन वाढलेला, आणि यानं घरात मासे पाळले होते. खायला नव्हे, बघायला.

अठराशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. राघो मिठाच्या मचव्यावरून मुंबईला जाई. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी गॅसचे दिवे आले आणि छताला टांगायच्या काचेच्या हंड्या अडगळीत पडल्या. त्यातली एक, कडी तुटलेली, राघोनं मागून घेतली आणि मचव्यातून मांडीवर धरून आणली. बायको बायजा हिची डोक्यावरून पाणी आणायची जुनी चुंबळ ओट्यावर ठेवून तिच्यावर ती बसवली, तळाला वाळू घातली, आणि भातखाचरातले काळ्या पट्ट्यांचे बोटभर मासे आणून सोडले.

शेजारचा भिवा रोज विचारी, "राघो, कालवनाला कवा बोलवतंस?"

"बोलवीन ना. पयला तुनाच मसाला लावीन," राघो म्हणे आणि पुन्हा हंडीपुढे उकिडवा बसे.

बायजाला या थाटाचा राग होता, आणि तिचा राग रास्त होता. गावातल्या विहिरी मचूळ. गोडं पाणी टेकाडापलीकडच्या विहिरीचं, आणि ते आणायचं बायजानं, डोक्यावरून. "मान माजी मोडतं, नि पानी पितान मासं," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. नवरा मिठागरावर गेला की मात्र हीच बाई ताटातली भाताची चार शितं हंडीत टाकी. मासे वर येऊन तिच्या बोटांना तोंड लावत, ते तिला आवडे. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर रागवायची सोय गेली असती.

चैत्रात एका सकाळी पाण्यात किडे दिसले. पांढरे, केसाएवढे बारीक, नखाएवढे लांब. काही काचेवर चढलेले, काही पाण्यात वळवळत पोहणारे. बायजानं पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरली.

"नारू हाय ह्यो," ती म्हणाली.

तिची भीती उगीच नव्हती. नवी नवरी असताना तिच्या घोट्यातून नारू निघाला होता. वैदूनं त्याचा तो पांढरा दोरा काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळून काढला. सगळा पावसाळा ती अंथरुणाला खिळून होती. आणि आता पहिलटकरीण लेक गोदा बाळंतपणाला माहेरी यायची होती.

"गोदी येवाचे आधी यो किडा जाव दे. नाय गेला तं हंडी खाडीत," तिनं सांगितलं. ओरडली नाही, म्हणून राघो घाबरला.

तो दिवसभर विचार करत होता, पण मिठागरावरच्या माणसाचा विचार जाऊन जाऊन किती लांब जाणार? जळू लागली, मीठ. जखम झाली, मीठ. दृष्ट लागली, तरी मीठच. मासे मरतील अशी शंका त्याला आली होती. ती त्यानं स्वतःच मोडून काढली. खाडीत मीठ नाही काय? तिथे मासे जगतातच ना? दुसऱ्या दिवशी बायजा पाण्याला गेल्यावर त्यानं चांगलं निवडक मीठ मूठ भरून हंडीत टाकलं.

किडे झपाझप तळाला गेले. राघोनं मांडीवर थाप मारली. मग एक मासा वर आला आणि तोंडाची उघडमीट करू लागला. दुसरा कुशीवर कलला. खाचरातला मासा आणि खाडीतला मासा यांत किती फरक आहे, हे त्याला आत्ता समजत होतं, आणि हात हलत नव्हते.

बायजा दारात आली. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी.

"काय टाकलंव?"

"मीठ."

तिनं कपाळाला हात लावला नाही. डोक्यावर ओझं होतं. "हंडी कलती करा," एवढंच म्हणाली. राघोनं खारं पाणी ओतून दिलं, मासे तळाशी राहतील इतकं. तिनं कळशी ओतली. पुन्हा कलती, पुन्हा ओतणं. कळशी संपली, मग हंडा संपला. टेकाडापलीकडून आणलेलं सगळं पाणी अंगणात वाहून गेलं, आणि मासे एकेक करून सरळ झाले.

तेव्हा कुठे बायजानं हंडीत नीट डोकावलं. वाळूत एक फुगलेलं, बुळबुळीत शीत अडकलं होतं आणि त्याच्याभोवती किड्यांचा झुबका. ती उठून घरामागे गेली, जिथे खरकटं पाणी सांडे त्या पाटातला चिखल नारळाच्या करवंटीत घेऊन आली. त्यातही तेच पांढरे केस वळवळत होते.

"नारू नाय," ती म्हणाली. "नारू हातभर आसतंय, मना इचारा. यो खरकट्याचा किडा हाय."

"आपले हंडीन खरकटं कनचं? मी तं चिमटीभर कोंडा घालतंय."

बायजा करवंटी रिकामी करायला वळली. "मी देतंय भात," ती पाठ करूनच म्हणाली. "तुमी नसताव तवा."

राघो हसला नाही. हसला असता तर हंडी गेलीच असती. त्यानं नुसती रिकामी कळशी उचलली. गावात पाण्याला पुरुष जात नसत. तो तिच्याबरोबर टेकाडावर चढला तेव्हा भिवा ओट्यावरून बघतच राहिला.

"काय रं राघो, कालवनाचं पानी काय?"

"तुजे आंघोलीचं," बायजानं परस्पर सांगितलं.

वाळू धुतली, शितं काढली, भात बंद झाला. उपाशी मासे उरलेसुरले किडे टिपू लागले आणि हळूहळू पाणी निवळलं.

गोदा आली ती ओट्यावरच बसली, दमलेली. जेवताना तिचं लक्ष हंडीकडे गेलं. तिनं कौतुकानं ताटातलं शीत उचललं. बायजानं तिचं मनगट धरलं.

"एक पन नाय," ती म्हणाली. "त्यांना सोसत नाय." आणि राघोकडे न बघता तेच शीत लेकीच्या तोंडात घातलं.