पाठीवरून फिरणारं बोट

वर्गात नवं पोरगं आलं की मोठे मास्तर नाव विचारायच्या आधी त्याला पाठमोरं उभं करत. मानेखाली अंगठा टेकवत आणि एकेक मणका चाचपत कमरेपर्यंत उतरत. मग म्हणत, "आहे. बस." जणू एखादं पोरगं कण्याशिवायच दाखल व्हायला आलं असतं आणि यांनी ते दारातच पकडलं असतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मेहकरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावरचं गाव, तिथं जिल्हा बोर्डाची शाळा, आणि शाळेत आम्ही दोघे. ते मोठे मास्तर, मी धाकटा. वजनाच्या बाबतीत हा क्रम उलटा होता.

तुमच्याही ओळखीत एखादा माणूस असेल, जो सकाळी रागातच उठतो. हे तसे होते. नागपूरहून आलेल्या पुस्तकात पृष्ठवंशी प्राणी म्हणून देवमासा होता आणि अपृष्ठवंशी म्हणून कसलासा समुद्रातला आठ हातांचा जीव. त्यांनी ते पान माझ्यासमोर आपटलं. "ज्याच्या आज्यानं समुद्र पाह्यला नाही, त्या पोराले देवमासा काऊन शिकवता? गावात बकऱ्या मेल्या काय सगळ्या?" पुस्तक मी लिहिलं नव्हतं, पण समोर मीच होतो.

मग ते पैनगंगेतून खेकडे आणत, भिंतीवरच्या गोगलगायी आणत. कसाईचाचांकडून बकरीच्या पाठीचे मणके आणून, चुन्यात धुऊन सुतळीत ओवत. खेकडा टणक म्हणजे त्याला हाडं असणार, असं कोणी म्हटलं की ठिणगी पडायची. "ते वरचं कवच झालं. पाठीत आतून काही लागते काय? डोळ्यानं नोको सांगू बे, हात लावून सांग."

सापाला हाडं नसतात यावर अख्ख्या गावाचं एकमत होतं. इतका वळतो, त्याला हाडं कुठली? मोठ्या मास्तरांनी मेलेली धामण मुंगळ्यांच्या वारुळाजवळ टाकली आणि कुत्र्यांनी नेऊ नये म्हणून वर टोपली पालथी घालून दगड ठेवला. मुंगळ्यांनी मांस नेलं, उरला तो पांढरा सांगाडा मास्तरांनी वर्गातल्या फळीवर मांडला. डोक्यापासून शेपटीपर्यंत मण्यांची माळच. गावातले म्हातारेही येऊन बघून गेले, आणि हा साप वेगळा असेल, असं म्हणत घरी गेले.

कुणाला 'बिनकण्याचा' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "गांडुळाले कणा नाही, तरी ते तुमचं वावर भुसभुशीत करते. शिवीत त्याचं नाव काऊन घेता?" ते माळ्याच्या घरचे, गांडुळाची बाजू घ्यायचेच.

माझाही धड्यात उपयोग होई. पोरं माझ्या पाठीवरून बोटं फिरवून कंटाळली की ते सांगत, "मास्तरच्या पाठीत लवकर सापडत नाही, पण आहे. माझ्यावर भरोसा ठेवा."

आता मूळ गोष्ट. आमच्या घरच्या मुलांना मी ती जेवताना सांगतो, आणि बायको दर वेळी म्हणते, "आधी घास गिळा, मग चिडा."

वर्गात गावातली पोरं बसत. महारवाड्यातली तीन पोरं बाहेर ओसरीत, दारातून फळा दिसेल तेवढा बघत. ही व्यवस्था शाळा कमिटीची होती. त्या दिवशी धडा पाठीचा. जोड्या लावायच्या, एकानं दुसऱ्याच्या पाठीवरून बोट फिरवून मणके मोजायचे. आत एक पोरगं उरलं, पाटलांचा नातू. ओसरीतही एक उरलं. मोठ्या मास्तरांनी नातवाला सांगितलं, "जा, त्याच्या मागं बस." बेरीज करावी तितकं सरळ.

नातू बसला. ओसरीतलं पोरगं गुदगुल्यांनी हसत होतं आणि नातू ओरडून मणके मोजत होता. घरी गेल्यावर ताटावर बसून त्यानं हेच सगळ्यांना आनंदानं सांगितलं.

त्याला गोमूत्र शिंपडून आंघोळ घातली. ओसरीतल्या पोराला पाटलांच्या गड्यानं बाभळीच्या फोकानं मारलं.

सकाळी त्या पोराचा बाप शाळेच्या आवाराबाहेर उभा होता. मोठे मास्तर तणतणत गेले, "चाल, मेहकरच्या ठाण्यात जाऊ." तो जागचा हलला नाही. "मास्तर, तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा. मले माझं पोरगं शाळेत पाह्यजे. माझ्या घरात कोणाले अक्षर नाही येत. ते ओसरीत बसते तर बसू द्या, पण बसू द्या."

त्याचं ऐकून मोठे मास्तर तसेच मागं फिरलेले मी पाहिले. तेवढे एकदाच.

दुपारी कमिटी बसली. पाटील गोड बोलत होते, चहा दिला होता, आणि त्या गोडपणानंच माझं डोकं जास्त फिरत होतं.

"मास्तर, शिक्षणाले आमची ना नाही. चूक झाली एवढं म्हणा. नाहीतर ओसरी रिकामी करू."

"चूक कोणती? नातवानं बरोबर सांगतलं. सापाले कणा, बकरीले कणा, माणसाले कणा. यातला कोणता माणूस वगळायचा तेवढं सांगा, मी फळ्यावर तसं लिहितो."

तेव्हा, देव जाणे कसा, मी उभा राहिलो. "पाटील, पोराले फोकानं मारलं ती चूक कोणाची?" रागानं आवाज असा चिरकला की मलाच ओळखू आला नाही.

"तुम्ही बसा मास्तर," पाटील म्हणाले. "जपून बसा, खुर्ची बोर्डाची आहे."

कमिटी हसली. मोठे मास्तर हसले नाहीत. "हे बोलले ते बरोबर बोलले," असं म्हणून ते पाटलांकडे वळले. "चूक झाली असं मी म्हणणार नाही. ओसरी रिकामी झाली तर बोर्डात सगळं सांगीन, मारल्याचंही. ओसरी राहिली तर मी आपण होऊन बदली मागतो. बोला."

पाटलांना सौदा पटला. मोठ्या मास्तरांची बदली दुसरबीडकडे झाली. जायच्या दिवशी बघितलं तर धामणीचा सांगाडा कोणीतरी पायाखाली चुरडला होता. त्यांनी तुकडे धोतराच्या सोग्यात गोळा केले, मला म्हणाले, "ओसरीवर लक्ष ठेव, जाड्या," आणि गाडीत बसले. पुढे आमची भेट झाली नाही.

नव्या मास्तरांना कमिटीनं आधीच समजावलं होतं. पाठीचा धडा आला तेव्हा त्यांनी फर्मावलं, कोणी कोणाला शिवायचं नाही, प्रत्येकानं आपापली पाठ चाचपायची आणि सापडेल ते पाटीवर काढायचं. सगळा वर्ग हात पिरगाळून, माना वाकड्या करून वळवळू लागला. ओसरीत तिन्ही पोरं तशीच वळवळत होती. मार खाल्लेलं पोरगंही होतं.

पाटलांचा नातू घामाघूम होऊन म्हणाला, "मास्तर, मधात हात पुरत नाही."

"जेवढा पुरतो तेवढंच काढ."

त्यानं मानेखालची थोडी हाडं काढली, कमरेजवळची थोडी काढली, आणि मधली जागा कोरी ठेवली.