चौदा अंश

झीलंड बेटावरच्या राउनबेक गावात थोरवाल्ड केल्गोर एकतीस वर्षं चर्चची राखण करत होता. चर्च आठशे वर्षांचं, छताखालची चित्रं पाचशे वर्षांची. त्यांतली त्याची लाडकी म्हणजे लोणी घुसळणारी बाई; तिच्या खांद्याआडून सैतान रवीला हात घालतो आहे. फार ऊब दिली की चुना सुकून रंगाचे पोपडे सुटतात, म्हणून जतन खात्यानं बजावलं होतं की प्रार्थनेच्या वेळीही चौदा अंशांच्या वर जायचं नाही. थोरवाल्डनं साडेचौदासुद्धा कधी होऊ दिले नाहीत.

"थोरवाल्ड, त्या सैतानाला तरी विचार, एवढ्या गारठ्यात परवडतं का त्याला?" शेवटच्या बाकावरची ऐंशी वर्षांची डॅग्नी दर रविवारी म्हणायची. बायका कोटाच्या आत गरम पाण्याच्या पिशव्या घेऊन बसायच्या. थोरवाल्ड ऐकू न आल्यासारखा मेणबत्त्या सरळ करायचा. त्या आधीच सरळ असायच्या.

जानेवारीत त्याच्या नातीचा बाप्तिस्मा ठरला. बाळाला घालायचा घराण्याचा झगा चार पिढ्यांचा, विरून जाळी झालेला, बाह्या आखूड.

"बाबा, अठरा अंश," मुलगी बिर्थे म्हणाली. "नाहीतर आम्ही शहरातल्या चर्चमध्ये जातो."

"तुझाही याच झग्यात झाला. चौदा अंशांत."

"हो, आणि पंधरा दिवस खोकत होते. आई अजून ऐकवते तुम्हाला."

शनिवारी दुपारी थोरवाल्ड हीटरच्या बटणापाशी उभा राहिला. नातीचा बाप्तिस्मा याच चर्चमधल्या दगडी कुंडापाशी व्हावा, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं काटा सोळावर नेला. मग वर पाहिलं. घुसळणाऱ्या बाईच्या हनुवटीचा पोपडा अर्धा सुटून लोंबत होता. "बरं बाई," असं पुटपुटून त्यानं काटा पुन्हा चौदावर आणला.

मग टोपी हातात घेऊन तो डॅग्नीच्या दारात गेला.

"उद्या नातीसाठी तुझी पिशवी देशील?"

"पुन्हा म्हण. थंडीनं कान गेलेत माझे."

त्यानं पुन्हा म्हटलं. संध्याकाळच्या कॉफीपर्यंत ते गावभर झालं.

रविवारी पुढच्या बाकावर लोकरी खोळींतल्या तेवीस पिशव्या रचलेल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध नात झोपली होती. कुंडातलं पाणी थोरवाल्डनं थर्मासमधून ओतलं. डोक्यावर पाणी पडलं तेव्हा पोरीनं नुसती जांभई दिली. बिर्थेनं भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि हसून मान हलवली.

पिशव्यांवाचून बसलेल्या बायका मात्र कुडकुडत गात होत्या.

"माझ्या अंत्यविधीला तरी वीस ठेव रे," बाहेर पडताना डॅग्नी म्हणाली.

"तुला तेव्हा कुठली थंडी वाजायला?" थोरवाल्ड म्हणाला, आणि जिची पिशवी तिला परत करू लागला.