खंडेनवमीला चालू राहिलेली प्रेस

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील त्या कारखान्यात तोफगोळ्यांची पोकळ कवचे घडत. भट्टीतून लालबुंद लोखंडी ठोकळा बाहेर येई, चिमट्याने साच्यात उभा केला जाई, आणि वरून पोलादी सुळा उतरून त्याच्या पोटात घुसे. ठोकळा किंचाळल्यासारखा आवाज करी. पायाखालची फरशी दर वेळी हादरे आणि ते हादरणे माझ्या दातांपर्यंत पोहोचे.

शिरूरच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर त्या कारखान्यातील खंडेनवमीची पूजा माझ्याकडे आली. मोठ्या प्रेसवरचा मुख्य कामगार माझाच विद्यार्थी होता. त्याचे आजोबा मेंढरांमागे रानोमाळ फिरले, वडील दौंडकडे शेतीत स्थिरावले, आणि हा माझ्यापुढे मांडी घालून स्तोत्रे पाठ करीत मोठा झाला. उच्चार इतके स्वच्छ की परीक्षकांनी त्याला पुन्हा पुन्हा म्हणायला लावावे.

वर्षातून तो एकच दिवस प्रेस पूर्ण थंड असे. सकाळी कामगार तिची झाकणे उघडीत, रॉकेलने अंग अंग पुसून काढीत, बोल्ट आवळायचे पाने घेऊन तिच्याखाली शिरत. मी पाटावर बसून मुहूर्त टळतो म्हणून कुरकुरत असे. "आटपा रे बाबांनो, देवीला किती वेळ उभी ठेवता?" तो खालून ओरडे, "थांबा गुरुजी, अजून दोन बोल्ट!" मला ती नुसती साफसफाई वाटे.

दोन वर्षांपूर्वी नवरात्र बसण्याच्या सुमारास कारखान्याचे मॅनेजर माझ्या घरी आले. गृहस्थ पुण्याचे, सुशील. म्हणाले, "गुरुजी, युरोपातले देश आता शस्त्रांची खरेदी एकत्र करू लागलेत. पूर्वी ज्याची त्याची मागणी वेगळी, मापं वेगळी, परवाने वेगळे. आता त्यांना एकच बाजार उभारायचाय. एका देशातून दुसऱ्या देशात माल नेताना दर वेळी नव्या परवानगीसाठी खोळंबा नको, असा त्यांचा प्रयत्न आहे."

"आणि त्या बाजारात आपण कुठे?"

"उंबऱ्याबाहेर," ते हसले. "आतल्या जागा त्यांना त्यांच्याच कारखान्यांसाठी राखायच्यात. बाहेरच्यांना थोडा वाटा. एक खेप चुकली की आपली जागा तिकडचा कोणीतरी घेणार. म्हणून विचारतो, यंदा नवमीला प्रेस चालू ठेवता येईल का?"

मी विचारले, "ही कवचे शेवटी पडतात कोणावर? संकल्प सोडताना हेतू उच्चारावा लागतो."

"आमच्याकडून घेतो एक, दारू भरतो दुसरा, डागतो तिसरा. त्यांना घाई का आहे, तेवढं मी दाखवू शकतो." त्यांनी मोबाईल पुढे केला. त्यांच्या शेजारच्या युद्धाची चित्रफीत होती. त्यात एक घर होते. पुढल्या क्षणी त्याची समोरची भिंत नव्हती. धूळ बसली तेव्हा एक स्त्री अनवाणी बाहेर आली. तिचा एक हात दुसऱ्या हाताने धरलेला होता, आणि तो धरलेला हात तिला नीट जोडलेला नव्हता.

मी पोथ्या उघडल्या. मूळ वस्तू उपलब्ध नसेल तर प्रतिनिधीची पूजा करता येते, हे मला मुखोद्गतच होते. तरी आधार शोधण्यात जो आनंद असतो तो मी पुरेपूर भोगला. प्रेस चालू राहू द्यावी, एक कवच चौरंगावर ठेवून त्याचे पूजन करावे, दोष लागत नाही, असे सुवाच्य अक्षरांत लिहून, खाली सही करून दिले. प्रेस त्या दिवशी बंद राहून तिचे काय होत असे, हा प्रश्न मी कोणालाच विचारला नाही.

नवमीच्या सकाळी फाटकावर कामगार अडून उभे होते.

"आज मशीन चालवायची? डोस्कं ठिकाणावर हाय का?"

ठेकेदाराचा माणूस उसळला. "पगार घेताना नवमी आठवत न्हाई व्हय रं? हो आत!"

"तुझ्या बापाची मशीन हाय का?"

कोणी कोणाची कॉलर धरली ते मला दिसले नाही. लोखंडी पाइप वर गेलेला दिसला आणि एका कामगाराच्या कपाळावर उतरलेला दिसला. भुवई फाटून रक्त डोळ्यात भरले. तो आंधळ्यासारखा हात फिरवीत समोरच्याच्या गळ्यावर पडला. बाजूचा बिहारी कामगार ओरडत होता, "अरे छोड़ो भाई, मर जाएगा!" मी पूजेचे तबक घेऊन फाटकाच्या कडेला सरकलो.

तेवढ्यात मॅनेजरांनी माझा कागद माझ्या विद्यार्थ्याच्या हाती दिला. त्याने तो सावकाश वाचला, घडी केली, डोक्याला लावला. "गुरुजींनी लिवलंय. आता वाद न्हाई. चला आत."

सारे आत गेले. माझ्या शब्दाने मारामारी थांबली, याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला, हे लपविण्यात अर्थ नाही.

मी कार्यालयात चौरंगावरील कवचाला कुंकू लावीत असताना आवाज आला. तो नेहमीचा नव्हता. साचा आवळून धरणारा एक बोल्ट तुटला होता. साचा सरकला, सुळा कडेवर आपटला आणि लाल ठोकळा आडवा उडाला. मी धावलो. माझा विद्यार्थी प्रेसच्या खांबाला टेकून उभा होता, कारण त्याला खाली बसता येत नव्हते: ठोकळा आणि खांब यांच्यामध्ये त्याचा उजवा हात होता. धूर निघत होता. तो वास मी स्मशानात अनेकदा घेतला आहे. जिवंत माणसाजवळ तेव्हाच घेतला. तो ओरडत नव्हता. मनगटाकडे पाहत होता. चौघांनी पहारी लावून ठोकळा ढकलला तेव्हा मात्र तो ओरडला, आणि प्रेसवर जे वाजत होते ते सारे त्यापुढे लहान झाले.

हात मनगटापासून गेला.

चौथ्या दिवशी इस्पितळात तो मला म्हणाला, "गुरुजी, मनाला लावून घेऊ नका. त्यो बोल्ट आमी दरसाल नवमीला बदलतो. एरवी मशीन थंड व्हतीय कवा?"

 इतकी वर्षे ज्याला मी मुहूर्त दवडणे म्हणत होतो, तीच त्यांची पूजा होती.

इकडे कारखान्यात अहवाल तयार झाला: कामगाराने निष्काळजीपणे हात पुढे घातला. तो मंजूर झाला असता तर त्याला पुन्हा फाटकाच्या आत कोणी घेतले नसते. हात गेल्यावर आता नावही जाणार होते.

पुढच्या आठवड्यात खरेदीदारांच्या वतीने तपासणीस बाई आल्या. अनेक देशांसाठी त्या एकट्याच मापे पाहत. पोलादी कडे कवचावर सरकवून पाहायचे आणि टिपण करायचे, हे त्यांचे काम. मी माझ्या कागदाची प्रत घेऊन समोर उभा राहिलो. दुभाषी म्हणून मॅनेजरच होते.

त्यांनी मला बाजूला घेतले. "गुरुजी, तुम्ही बोलाल आणि ऑर्डर तिकडे जाईल. वसाहतीतल्या किती चुली विझतील?"

"मी खोटे लिहिले नाही," मी म्हणालो, "पण न विचारता लिहिले आणि बोल्ट बदलायचा दिवस बुडवला. त्याने माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून हात पुढे केला. सांगा त्यांना."

मॅनेजरांनी माझ्या हातातली प्रत घेतली आणि ते बाईंकडे वळले. मग त्यांनी सांगितले. मला इंग्रजी समजते, त्यांनी एक शब्दही गाळला नाही. बाईंनी कडे खाली ठेवले आणि तुटलेला बोल्ट मागितला. तो वर्षभराच्या ताणाने झिजून तडकलेला होता.

अहवालातून निष्काळजीपणाचे वाक्य गेले. प्रेस दुरुस्तीसाठी बंद राहिली आणि ऑर्डरचा मोठा भाग युरोपातल्याच एका कारखान्याकडे गेला. कित्येकांचे काम सुटले. एका दुपारी माझ्या खिडकीतून दगड आला आणि देवघरातील समई आडवी झाली. ज्याची भुवई फुटली होती तो रस्त्यात माझ्या पायांजवळ थुंकला. मी त्याला दोष देऊ शकत नाही.

गेल्या वर्षी पूजेचे बोलावणे आले नाही. यंदाही येईल असे वाटले नव्हते. आले. मॅनेजरांनी प्रेस आदल्या दिवशीच थंड केली होती. माझा विद्यार्थी आता यंत्रतपासणीचे काम पाहतो. तो डाव्या हातात पाना घेऊन प्रेसखाली शिरला होता. मी पाटावर बसलो. संकल्पात हेतूचा उच्चार येतो तिथे काय म्हणावे, हे मला अजूनही ठाऊक नव्हते. ती भिंत आणि ती स्त्री डोळ्यांपुढून हलत नव्हती. मुहूर्त सरत चालला.

"गुरुजी," तो खालून म्हणाला, "डाव्या हातानं वेळ लागतोय. अजून चार बोल्ट हायेत."

"सावकाश होऊ दे," मी म्हणालो, आणि निरांजनासाठी पेटवलेली काडी विझवून काडेपेटीवर ठेवली.