अकरा दिवस

"आधी हात, मंग तोंड," असं म्हणून ती माझ्या हातातला संवादांचा कागद काढून घ्यायची आणि मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचं सूप ठेवायची. पन्नाशी उलटलेला अव्वल कारकून शाळेच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलाय, हे बघून जमलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. ती हसायची नाही. "फोडत राहा, काका. बोलायचं कवा ते मी सांगीन."

आमच्या ऑफिसात ती आवक-जावकला होती. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, तारीख टाकायची, रजिस्टरात नोंद करायची आणि तो ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचा, एवढंच काम. रोज सकाळी धाड गावाहून जीपनं यायची. वय तिशीच्या आसपास, बोलणं कामापुरतं. असं माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. वर्षानुवर्षं समोर असतं आणि आपण त्याच्याकडे धड बघितलेलंही नसतं.

मी तिच्याकडे बघितलं ते कर्मचाऱ्यांच्या संमेलनात. तिनं आमच्याच दोन शिपायांना घेऊन वीस मिनिटांचं नाटक बसवलं होतं. एरवी साहेबांसमोर "जी" शिवाय शब्द न बोलणारी ती दोन माणसं अशी काही उभी राहिली, की साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तिच्या टेबलाशी गेलो आणि विचारलं, "मला घेशील का गं?" तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रविवारी धाडले या, शाळेत तालीम असते. पण डायलॉग पहिल्या दिवशी भेटनार नाई."

आणि खरंच मिळाले नाहीत. मुलीला निरोप देणाऱ्या बापाचं काम माझ्याकडे होतं. सलग तीन रविवार मी नुसत्या शेंगा फोडल्या. चौथ्या रविवारी ती म्हणाली, "आता बोला." मी तोंड उघडलं, वाक्य अर्ध्यावर आलं आणि आवाज रडवेला झाला. मला मूलबाळ नाही, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. तो आवाज माझ्यात कुठून आला, देव जाणे. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "रडू नका काका. रडनं लोकायले करू द्या."

त्या दिवसापासून माझा आठवडा रविवारी सुरू होऊ लागला. बाकीचे सहा दिवस मी नोकरी करत होतो, इतकंच.

अशात एक दिवस तिनं माझ्या टेबलावर एक छापील पत्र आणून ठेवलं. इंग्लंडातल्या एका नाट्यशाळेनं तिला बोलावलं होतं. दिग्दर्शनाचं दोन वर्षांचं शिक्षण, पदवीनंतरचं. अर्ज आणि व्हिडिओवरची मुलाखत तिनं गुपचूप पार केली होती. आता शेवटची चाचणी तिथं जाऊन द्यायची होती, दोन दिवसांची. पहिला दिवस तिथल्या नटांबरोबर ओळखीचा आणि सरावाचा. दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर वीस मिनिटांत त्यांच्याकडून एक प्रवेश बसवून घ्यायचा. "काका, मले भेव लागून राह्यलं," ती म्हणाली. ती घाबरते हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

सरकारी नोकराला परदेशी जायचं तर आधी ऑफिसची परवानगी लागते. तिचा अर्ज आस्थापनेच्या टेबलावर आला. आस्थापनेचं टेबल म्हणजे मी.

मी तो अर्ज वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. सोबतच्या इंग्रजी पत्राचं मराठी भाषांतर जोडलेलं नव्हतं. त्रुटी खरी होती. पण त्रुटीचा शेरा लिहायला दोन ओळी लागतात, आणि मी त्याही लिहिल्या नाहीत. अकरा दिवस ती फाईल माझ्या गुडघ्याजवळच्या ड्रॉवरमध्ये होती. ती रोज समोरून जायची, विचारायची नाही. मी माझी समजूत घालायचो, एकटी मुलगी, परका देश, पक्की नोकरी. ते सगळं खोटं होतं. ही गेली तर माझा रविवार जाईल, एवढीच माझी भीती होती. बाराव्या दिवशी मला माझीच लाज वाटली. भाषांतर मीच करून जोडलं आणि फाईल वर पाठवली.

परवानगी मिळाली. पण ती हातात पडल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करायचा नाही, इतकी ती नियमाची. व्हिसा उशिरा आला. ती तिथं पोचली ती चाचणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, विमानतळावरून थेट.

परत आल्यावर ऑफिसच्या मागच्या चहाच्या टपरीवर तिनं मला सगळं सांगितलं.

"आई आन् पोराचा सीन होता, काका. पोरगा घर सोडून चालला. नट दोघंबी एक नंबर. पण त्यायले चादरीची घडी घालता येत नव्हती. मी त्यायले घडीच घालाले लावली. एक टोक आईनं धरलं, एक पोरानं."

"मग?"

"मंग वेळ संपली."

"आणि संवाद?"

"एकबी नाई झाला."

मी म्हणालो, "अगं, शेवटची पाच मिनिटं तरी बोलायला लावायचं."

"हातच तयार नव्हते तर कसं बोलतीन?" कपातल्या चहाकडे बघत ती म्हणाली. "बाकीच्यायनं आदल्या दिवशी करून घेतलं होतं सारं. मले तो दिवस नाई भेटला."

पंधरवड्यानं नकाराचं पत्र आलं. तिनं ते घडी करून पर्समध्ये टाकलं आणि टपालाला शिक्के मारायला बसली.

पुढं कधीतरी एक जुनं पत्र शोधायला मी आवकचं रजिस्टर उघडलं आणि एका पानावर माझा हात थांबला. तिच्या अर्जाची नोंद तिच्याच अक्षरात होती. माझ्या टेबलावर दिल्याची तारीख, माझ्या टेबलावरून निघाल्याची तारीख. मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"हाव. रजिस्टर माह्याच हातचं हाय न, काका."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी बोलसान असं वाटलं होतं."

तेव्हा मी बोललो, जे इथं लिहिलं ते सगळं. तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं. त्या रविवारी मी धाडला गेलो. तिनं मला बसायला खुर्ची दिली, काम दिलं नाही.

वर्ष गेलं. एक दिवस तिनं माझ्यापुढे कागद ठेवला. "त्या शाळेचं पुन्हा बोलावनं आलं हाय. यावेळी परवानगी लागत नाई, काका." तो राजीनामा होता. मला हात जोडून सांगावंसं वाटलं, असं करू नको, परवानगी मी आजच्या आज आणून देतो. पण तिनं माझ्यावर विसंबावं असं मी काही ठेवलंच नव्हतं. मी टिपणी लिहिली आणि फाईल शिपायाकडे न देता स्वतः टेबलाटेबलावर नेली. चार वाजेपर्यंत सही झाली. नोटिशीचा महिना संपला आणि ती गेली. जाताना सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही.

त्यानंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही. मग एकदा धाडच्या बाजारात तिचे वडील दिसले. मिरच्यांच्या ढिगामागे बसले होते. मला बघून उठूनच उभे राहिले.

"साहेब, पोरीचं झालं तिकडं! दोन वर्सं शिकनार म्हने."

"छान झालं," मी म्हणालो.

"तिनं सांगितलं मले. काकानं माही फाईल हातानं फिरवली, एका दिवसात. नाईतर सरकारी काम, कोन करते कोनासाठी?"

"आणखी काही म्हणाली?"

"नाई, तेवढंच. मनली, भेटले तर त्यायले सांगा."

मला ते अकरा दिवस सांगायचे होते. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण तोवर त्यांनी दोन्ही हातांनी मिरच्या उचलून माझ्या पिशवीत टाकल्या आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. मी पिशवीचं तोंड उघडं धरून तसाच उभा राहिलो.