कॉम्प्युटर लॅबमागचं अमेझॉन

मी मूळची अकोल्याची. लग्न होऊन चेन्नईला आले ती एका तंजावरी मराठी घरात. सासरची मंडळी कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली. घरात मराठीच बोलतात, पण तिचा हेल तमिळ आणि भाजीबाजारातले निम्मे शब्दही तमिळ. सुरुवातीला मला त्यांचं बोलणं कळायचं नाही आणि त्यांना माझं फार घाईचं वाटायचं. त्यामुळे अंबत्तूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागले तेव्हा भाषेच्या गोंधळाची सवय झालेलीच होती. वर्गात इंग्रजीत शिकवायचे, अडलं की तमिळमध्ये शिरायचे. माझं तमिळ ऐकून मुलं हसायची. मला त्याचं काही वाटायचं नाही. जागी आहेत एवढं तरी कळायचं.

नववीला हवामान, मृदा आणि नैसर्गिक वनस्पती हे धडे लागोपाठ येतात. नकाशावर रंगांचे पट्टे असतात: इथे सदाहरित जंगल, इथे पानझडी, इथे काटेरी. मुलं ते पट्टे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्या वर्षीच्या वर्गाला मी विचारलं, "काटेरी झुडपं कुठे उगवतात?" सगळ्यांनी एका सुरात "राजस्थान" म्हणून सांगितलं. खिडकीबाहेर, मैदानाच्या कुंपणाला लागून, वेडी बाभूळ चांगली पुरुषभर उंच वाढलेली होती. कोणी तिकडे पाहिलंही नाही.

मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "चला बाहेर. या आवारातच वेगवेगळे प्रदेश शोधून दाखवा मला. जिथे झाडंझुडपं बदलतात तिथे थांबायचं आणि का बदलली ते सांगायचं."

आधी कोणाला खरं वाटेना. मग सगळे असे पांगले की शिपाई धावत मला विचारायला आला, आज कसली सुटी आहे म्हणून.

गच्चीवर त्यांना वाळवंट सापडलं. तापलेली फरशी, एका भेगेत बोटभर पिंपळ, बाकी काही नाही. मैदानाच्या कडेला, जिथे मुलांचे पाय पडत नाहीत, तिथे गवताळ प्रदेश निघाला. पाण्याच्या टाकीपाशी टाकी भरून वाहते तिथली दलदल. यावर दोन मुलांचं भांडण झालं, कारण एकाच्या मते ती दलदल नव्हती, गळती होती. मी दोघांनाही अर्धे अर्धे गुण दिले.

पण सगळ्यात मोठा शोध लावला तो वर्गातल्या सर्वांत उंच मुलीने. ती मागच्या बाकावर बसायची आणि स्वतःहून कधी बोलायची नाही. तिचे वडील श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात पाळीवर जायचे. रात्रपाळी करून ते दिवसा झोपत, म्हणून घरात हळू बोलायची सवय लागलेली, असं तिनेच मला नंतर सांगितलं. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मिस, मागे एक जागा आहे. पण तिथे जायला बंदी आहे."

ती जागा म्हणजे कॉम्प्युटर लॅबच्या मागची बोळी. एका बाजूला इमारत, दुसऱ्या बाजूला आवाराची भिंत, मध्ये कसंबसं एक माणूस जाईल एवढी वाट. ऊन तिथे पोचतच नव्हतं. वर लॅबच्या एसीचे पाइप भिंतीतून बाहेर आलेले आणि त्यांतून दिवसभर पाणी टपकत होतं. त्या पाण्याखाली नेच्यांचं रान माजलं होतं. भिंतीला गुडघ्यापर्यंत मऊ हिरवं शेवाळ, खाली रानअळूची पानं, गोगलगायी, आणि आम्ही शिरल्यावर उडी मारून दिसेनासा झालेला एक बेडूक. बाहेर उन्हाने डोळे दिपत होते आणि इथे ओल्या मातीचा वास येत होता. "अमेझॉन," कोणीतरी मागून म्हणालं, आणि तेच नाव पडलं.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली.

कॉम्प्युटरच्या बाई माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या. कडक इस्त्रीची सुती साडी, केसांत मोगऱ्याचा गजरा, चप्पल लॅबच्या दाराबाहेर. त्यांच्या लॅबमध्ये धूळ आणि आवाज या दोन्ही गोष्टींना प्रवेश नव्हता. सगळा स्टाफ त्यांना वचकून असे, मीही.

"इथे काय चाललंय?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"भूगोल, मॅडम," मी म्हणाले.

"माझ्या खिडकीखाली?"

"तुमच्याकडे पाऊस पडतो ना, म्हणून आलोय." मला वाक्य इतकंच जमलं. मुलं हसली. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी खिडकी लावूनही घेतली नाही.

पुढचे काही आठवडे आमचे भूगोलाचे बरेच तास त्या बोळीत झाले. एका वेळी चार-पाच जणच मावायचे, बाकीचे भिंतीच्या सावलीत बसून वाट पाहायचे. आम्ही तिथली माती उकरून पाहिली. ती माती कमी आणि बांधकामाचं उरलंसुरलं जास्त होतं: वाळू, विटांचा चुरा, सिमेंटचे खडे. रसायनाच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या सौम्य आम्लाचे थेंब टाकले की त्यातल्या चुन्यामुळे फेस यायचा. अकोल्याची काळी माती कशी असते ते मी सांगितलं. ओली झाली की चपलेला चिकटून पायच जड करते आणि उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की लहान मुलाचा हात कोपरापर्यंत आत जावा. मुलांना ते पटलं नाही. एकाने विचारलं, "मग तुम्ही त्यात पडत नव्हता का?"

पाणी मोजण्यासाठी पाइपखाली मोजपात्र ठेवलं. एक गोष्ट मुलांच्या लक्षात आली: काही दिवस ते लवकर भरायचं, काही दिवस भरतच नसे. त्या उंच मुलीने विचारलं, "मिस, एसीत पाणी कोण भरतं?"

"कोणीच नाही."

"मग येतं कुठून?"

मी सगळ्यांना बोळीच्या तोंडाशी आणून बसवलं आणि उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेतलं. बर्फाच्या पाण्याचा पेला बाहेरून ओला का होतो, इथपासून सुरुवात केली. हळूहळू ते हवेतल्या बाष्पापाशी आले, तिथून समुद्रापाशी. समुद्रावरून वारा आला की हवा दमट होते आणि मोजपात्र लवकर भरतं, हे एका मुलाने स्वतः जुळवलं. मग ती उंच मुलगी हळूच म्हणाली, "आणि लॅबमध्ये बसलेल्या मुलांचा श्वास."

वरून आवाज आला, "म्हणजे माझी मुलं श्वास सोडतात आणि त्यावर ही झाडं वाढतात?"

बाई खिडकीत उभ्या होत्या. केव्हापासून ऐकत होत्या कोण जाणे.

"थोडं तसंच, मॅडम," मुलगी म्हणाली.

बाईंनी वाकून मोजपात्राकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सातवीचा वर्ग फार बडबड करतो. त्यांचं पाणी जास्त पडत असेल." आणि आत गेल्या.

त्या दिवसापासून त्या अधूनमधून खिडकीतून चौकशी करू लागल्या. नवं पान फुटलं का, बेडूक दिसला का. स्टाफरूममध्ये मात्र या विषयावर अवाक्षर नाही. तिथे त्या पूर्वीसारख्याच पेपर तपासत बसायच्या.

वार्षिक परीक्षा संपत आली तेव्हा ती मुलगी मला गाठून म्हणाली, "मिस, मे महिन्यात लॅब बंद असते ना?"

"असते."

"मग अमेझॉनचं काय होणार?"

काय होणार ते तिला ठाऊक होतं. मी प्रश्न वर्गापुढे ठेवला. निम्मी मुलं म्हणाली, पाळीपाळीने येऊन बादलीने पाणी घालू. उरलेली म्हणाली, माणसाने पाणी घातलं की ती बाग होते, मग तिला जंगल म्हणायचं नाही. त्यावर पहिल्या बाजूचं म्हणणं, एसी तरी कुठे आभाळातून पडला आहे. त्यावर कोणी म्हणालं, एसी झाडांसाठी लावलेला नाही, म्हणून तो पाऊसच. तास संपला तरी वाद संपेना. मला त्या वेळी त्या पोरांचं इतकं कौतुक वाटत होतं की मध्ये पडावंसं वाटलं नाही. शेवटी हात वर करून ठरलं की पाणी घालायचं नाही. हवामान बदललं तर प्रदेशाचं काय होतं ते जूनमध्ये पाहायचं. त्या उंच मुलीने कुठल्याच बाजूने हात वर केला नव्हता.

मे महिन्यात प्रवेशाच्या कामासाठी मला शाळेत जावं लागलं. अग्निनक्षत्रम चालू होतं. वर्षातल्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांना इथे तसं म्हणतात. मैदानातलं गवत पार जळून गेलं होतं. काम आटोपल्यावर मी सहज लॅबमागे गेले. सगळं वाळलेलं दिसणार अशी मनाची तयारी केली होती. बोळीच्या तोंडाशीच टपटप ऐकू आली. नेचे हिरवेगार होते.

मी पुढच्या बाजूने लॅबमध्ये गेले. दाराबाहेर चपला होत्या आणि दार किंचित उघडं होतं. आत बाई एकट्याच, अंगावर शाल पांघरून, एका कॉम्प्युटरसमोर बसलेल्या. एसी जोरात चालू.

"सुटीत, मॅडम?"

"अपडेट चालू आहेत," त्या म्हणाल्या. "सुटीतच होतात नीट. मोठ्या बाईंची परवानगी घेतली आहे."

पडद्यावर खरंच काहीतरी चालू होतं. मी बसले. त्यांनी फ्लास्कमधली कॉफी झाकणात ओतून मला दिली. एवढ्या वर्षांत आम्ही दोघी प्रथमच अशा एकमेकींसमोर बसलो होतो.

थोड्या वेळाने मी म्हणाले, "दार उघडं राहिलंय, मॅडम. गार हवा बाहेर जाते."

"बंद केलं की पाणी पडत नाही," त्या म्हणाल्या. "मुलं नाहीत ना. श्वास कुठून येणार? दुपारी समुद्राचा वारा आला की थोडं उघडं ठेवते. मग पडतं." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मुलांनी पाणी घालायचं नाही असं ठरवलंय म्हणे. मी पाणी घालत नाही."

ठराव त्यांना कोणी सांगितला हे विचारायची गरज नव्हती. त्यांनीच सांगितलं. ती उंच मुलगी निकाल घ्यायला आली होती तेव्हा लॅबच्या दारात उभी राहून विचारत होती, उन्हाळ्यात कॉम्प्युटरची काही काळजी घ्यावी लागते का म्हणून. "इतकं वाकडं विचारलं," बाई म्हणाल्या, "की मला हसूच आलं. मग ठरावाचं तिच्याकडून काढून घेतलं." हे सांगतानाही त्या हसत होत्या. मी त्यांना हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

घरी जाऊन हे सासूबाईंना सांगितलं. त्यांनी त्या बाईंना नवरात्रात हळदीकुंकवाला बोलवायचं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

पण सबंध मे महिना काही ते चाललं नाही. कोइम्बतूरला बाईंच्या मुलीचं बाळंतपण अपेक्षेपेक्षा लवकर झालं आणि त्यांना जावं लागलं. लॅबला कुलूप लागलं. त्याच सुमारास पश्चिमेचा कोरडा वारा सुटला आणि समुद्राचा वारा कित्येक दिवस आमच्यापर्यंत पोचलाच नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलं आता दहावीत होती, तरी पहिल्याच मधल्या सुटीत सगळी बोळीत. नेचे तपकिरी होऊन मुडपले होते. शेवाळाचा भिंतीवर नुसता काळा डाग उरला होता. गोगलगायी मात्र शंखाची तोंडं बंद करून भिंतीला घट्ट चिकटून बसल्या होत्या. खिडकी उघडली. बाईंनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी गेले नसते तर राहिलं असतं," त्या म्हणाल्या.

उंच मुलगी वर बघून म्हणाली, "मॅडम, होतं असं. धड्यात आहे." आणि मग, "बाळ कसं आहे?"

लॅब सुरू झाली तशा गोगलगायी हलल्या. काही नेच्यांना मुळापासून कोंब आले, काहींना आलेच नाहीत. त्यांच्या जागी ऑक्टोबरच्या पावसात एक रुंद पानांचं गवत आणि माका वाढला. याला आता काय म्हणायचं, यावर त्यानंतरच्या कुठल्याच नववीचं एकमत झालेलं नाही. दर वर्षी वेगळं नाव पडतं.

मला वाटलं होतं, ती मुलगी पुढे भूगोल घेईल. मनातल्या मनात मी तिला कुठल्या कुठल्या जंगलांत पाठवूनही दिलं होतं. अकरावीचे प्रवेश झाले त्या आठवड्यात ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आता ती माझ्याहूनही उंच झाली होती.

"मिस, मी कॉम्प्युटर सायन्स घेतलंय."

"छान केलंस."

"तुम्हाला वाईट वाटलं?"

"थोडं वाटलं," मी म्हणाले. खोटं बोलून तिला फसवता आलं नसतं.

पलीकडच्या टेबलावर कॉम्प्युटरच्या बाई पेपर तपासत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "टीचर, मी हिला काही बोलले नव्हते. ती आपणहून आली."

"मी कुठे काय म्हटलं, मॅडम?"

"तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर सरकवला. आत नातवाच्या वाढदिवसाचा म्हैसूरपाक होता. मुलगी दारातच घुटमळत होती. मी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि आधी तिच्या हातावर एक वडी ठेवली.