नॉटची गाठ

दौलतला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. आखातात, खलिफा सिटीत, लेकीच्या घरासमोर इमारत उभी राहत होती, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक माणूस हवेत काहीतरी लिहितो आहे असं वाटायचं. तो क्रेनवाल्याला हातांनी इशारे देत होता. मूठ, तळवा, एक बोट. हात उगाच म्हणून हलायचा नाही.

नंतर तो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात भेटला. मी नात मिहिकाला काही सांगत होते, तर मागून आवाज आला, "बाई, तुम्ही शाळेत शिकवायचात ना? पोरीला रागवताय तेसुद्धा स्वल्पविरामासकट."

संगमेश्वरकडचा होता. मग रविवारी चहाला येऊ लागला. शिडशिडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा.

एका दुपारी क्रेनचा पट्टा निसटला आणि सळयांचा भारा वासिफच्या पायावर पडला. वासिफ दौलतच्याच खोलीत राहायचा; भारा बांधायचं काम त्याचं. इशारा देण्याआधी दौलतने बांधणी स्वतः ओढून पाहिली होती. पण ते कुणी पाहिलं नव्हतं, वासिफचीही तेव्हा पाठ होती.

चौकशीनंतर दौलत आला, तो चहाला हातच लावेना.

"काय विचारलं साहेबांनी?"

"बांधलंय का ते न बघता इशारा दिलास का, म्हणून. मी चांगलं इंग्लिश बोललो, बाई. अनलेस अँड अंटिल लोड इज नॉट टाइड, आय डोंट गिव्ह सिग्नल."

मी हातातली बशी खाली ठेवली.

मराठीत ते अगदी बरोबर आहे. जोपर्यंत भारा बांधला जात नाही, तोपर्यंत इशारा नाही. पण इंग्रजीतल्या 'अनलेस'च्या पोटातच 'नाही' असतं. वर आणखी 'नॉट' घातला की सगळं उलटं होतं: भारा बांधलेला नसेल, तरच मी इशारा देतो. साहेबांनी तेच शब्द उतरवून घेतले होते आणि त्याचं इशारे देण्याचं कार्ड काढून घेतलं होतं. ते गेलं की तो पुन्हा हमाल.

"अरे, हिंदीत का नाही बोललास?"

"त्या कार्डाला इंग्लिश लागतं. हिंदी मागितली असती तर तिथेच खलास."

सोमवारी पुन्हा बोलावलं होतं. आम्ही टेबलाशी बसलो. अनलेस द लोड इज टाइड. तो म्हणायचा आणि 'नॉट' आपोआप यायचा. डोळे मिटून म्हटलं, तरी आला.

"बाई, जीभच मानत नाही. 'नाही' म्हटल्याशिवाय नाही कसं म्हणायचं?"

मिहिका अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "आजी, व्हाय डझंट ही जस्ट से 'ओन्ली आफ्टर'?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "ही आधी का नाही बोलली?"

हसला तो त्या आठवड्यात एवढाच.

सोमवारी मी त्याच्याबरोबर साइट ऑफिसात गेले. दौलत उभा राहिला आणि स्वच्छ म्हणाला, आय गिव्ह सिग्नल ओन्ली आफ्टर द लोड इज टाइड. एकही चूक नाही. साहेबांनी आधीचं वाक्य वाचून दाखवलं आणि शांतपणे विचारलं, "मग आज जबाब का बदलला?"

मी उठले. मराठी माणूस हे वाक्य असंच का बोलतो, ते मला जमेल तितकं समजावलं. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकवलंत हे दिसतंच आहे."



बाहेर उन्हात दौलत टोपी हातात घेऊन उभा होता. "चुकीचं बोललो ते खरं धरलं, बाई. बरोबर बोललो ते शिकवलेलं."

व्याकरण मी शिकवलं होतं. ते खरं वाटावं कसं, हे मलाही येत नव्हतं.

वासिफच्या पायाची दोन बोटं गेली. त्याने दौलतशी बोलणं सोडलं नाही, पण अपघाताचा विषय निघाला की तो खोलीबाहेर जातो.

दौलत आता त्याच कंपनीच्या मुसाफा भागातल्या साइटवर फाटकाशी बसतो आणि आत जाणाऱ्यांना हेल्मेट देतो.